दोन दारांची लाल गाडी

५ मे

सूनबाई,

आशीर्वाद. पत्र घरी न पाठवता तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं म्हणून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन आला की तो स्पीकरवर टाकून सगळ्या खोलीला ऐकवायची पद्धत आहे, आणि मला जे सांगायचंय ते तुझ्या नवऱ्याच्या कानावर इतक्यात जायला नको.

प्रवास नीट झाला. विमान उतरताना एकच धक्का बसला, तोही हलका. माझ्याकडून त्या चालकाला पैकीच्या पैकी. अक्का न्यायला आली होती. अकरा वर्षांनी भेटलो. थोरली बहीण आता त्र्याहत्तरची झाली, पण अजून माझी बॅग माझ्या हातातून हिसकावून घेते. भावजी गेल्यापासून एकटीच राहते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पण घरात चमचासुद्धा इकडचा तिकडे नाही. मला बाहेरच्या खोलीतला सोफा दिलाय. तो उलगडला की पलंग होतो, आणि सकाळी मिटवताना माझं बोट हमखास त्यात सापडतं.

आता मुद्द्याचं. मी इथे एक गाडी भाड्याने घेणार आहे. साधी नाही, स्पोर्ट्स कार. दोन दारांची, लाल, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. अक्काच्या गल्लीच्या तोंडाशीच भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस आहे, तिथे ती काचेआड उभी असते. चौतीस वर्षं मी शहराची बस चालवली. काटा चाळीसच्या वर गेला नाही. गेला असता तर डेपोत जाब द्यावा लागला असता. म्हटलं, एक दिवस तरी कोणाला जाब न देता चालवावी.

परदेशात चालवायचा परवाना निघण्यापूर्वीच काढून ठेवला होता. हो, तू घाईघाईत काढून आणलेला तो फोटो त्यासाठीच हवा होता.

तुझ्या नवऱ्याला कळलं तर तो पुढच्या विमानाने येऊन इथल्याही किल्ल्या काढून घेईल. घरच्या गाडीच्या घेतल्या त्याला चार महिने झाले. फाटकाच्या खांबाला बंपर काय लागला आणि माझ्या चौतीस वर्षांवर पाणी काय पडलं. ब्रेक लागला नाही यात माझा काय दोष? मागच्या सीटवर छकुली होती, तिच्या केसालाही धक्का लागला नाही. पण त्याने एका शब्दाने विचारलं नाही. खुंटीवरच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि संपलं. तू तेवढी माझ्या बाजूने उभी राहिलीस, ते मी विसरलेलो नाही.

माझ्या नातीला पापा.

बाबा


१६ मे

ती. बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा मी एका काकांचे डोळे तपासत होते. शेवटची ओळ वाचा म्हटलं आणि इकडे पाकीट फोडलं. त्या काकांनी शेवटची ओळ तीन वेळा वाचली, मी तुमचं पत्र दोन वेळा वाचलं. शेवटी तेच म्हणाले, बाई, आता मला पाठ झाली.

बाबा, मला आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. पासपोर्टसाठी जादाचा फोटो लागतो म्हणालात. मी भर दुपारी तुम्हाला फोटोवाल्याकडे नेलं, कॉलर नीट केली, आणि तुम्ही गरीब गायीसारखे बसून होतात.

चालवू नका असं म्हणण्याचं तोंड मला नाही. तुमचे डोळे मी स्वतः तपासलेत. तुमच्या वयाची माणसं माझ्याकडे रोज येतात, एवढी स्वच्छ नजर वर्षातून एखाद्याचीच असते. त्याच जोरावर मी घरात तुमची वकिली करते. तुमच्या मुलाला मी परवाही म्हटलं, ज्या माणसाला वीस फुटांवरून औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येते तो खांबाला धडकेल कशाला? गाडीचे ब्रेक तू बदलून आणलेस, म्हणजे दोष ब्रेकचाच होता, मग किल्ल्या का अडवतोस? तो ऐकून घेतो आणि पाण्याच्या बाटल्या भरायला जातो. आमच्याकडे सध्या पाण्याच्या बाटल्या कायम भरलेल्या असतात.

तुमचा मुलगा उंचीत तुमच्यावर गेला नाही, न बोलण्यात गेलाय. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त्या करतो, तिथे कोणाशी बोलायचं नसतं, मग घरी आल्यावर तरी कुठून सवय लागणार.

चालवा, पण माझ्या तीन अटी. पट्टा लावायचा. अक्काआत्यांना शेजारी बसवायचं. आणि मला सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही. छकुलीला सांगितलेलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुमची,
सूनबाई


२८ मे

सूनबाई,

काल चालवली.

ऑफिसात काउंटरवर एक बाई होती, केसांच्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली. तिने माझा परवाना बघितला, जन्मसाल बघितलं, मग मला बघितलं. पासष्टीच्या पुढच्या माणसाला अर्जावर दुसरा चालक लागतो म्हणाली. अक्का दुभाषी म्हणून उभी होती. मी तिला म्हटलं, हिला सांग, चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही, त्याचा डेपोने बिल्ला दिलाय. अक्काने ते भाषांतर केलं की नाही देव जाणे. तिने पर्समधून स्वतःचं लायसन्स काढलं आणि दुसऱ्या चालकाच्या जागी सही ठोकली. तुला माहीत नसेल, अक्काने इथे आल्यावर बारा वर्षं एका बेकरीची व्हॅन चालवली आहे. मलाच विसर पडला होता.

त्या गाडीत बसणं म्हणजे बसणं नव्हे, पडणं. एक पाय आत टाकायचा, डोकं वाकवायचं आणि स्वतःला सोडून द्यायचं. बसमध्ये मी जवळजवळ पहिल्या मजल्यावर बसायचो. खाली सगळ्या गाड्यांची टपं दिसायची. इथे शेजारी ट्रक येऊन उभा राहिला तर त्याचं चाक माझ्या कानाशी. सिग्नलला एक कुत्रा आला तो माझ्याकडे समोरासमोर बघत होता, बरोबरीचा समजून.

रस्त्याची बाजू इथे आपल्या उलट. पहिली दहा मिनिटं अक्का शेजारून 'उजवीकडे राहा' एवढंच म्हणत होती. आणि सवय कुठली जाते? बसथांबा दिसला की माझा वेग आपोआप कमी व्हायचा. एका थांब्यावर तर एक गृहस्थ पिशवी सावरून पुढे आले. आम्ही तसेच निघालो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मान वर करून आरशात बघायचो, कोणी दारात लोंबकळतंय का म्हणून, तर त्यात माझंच कपाळ.

शहर संपल्यावर मोकळा रस्ता लागला. जरा दाबली आणि गाडीने अशी उसळी घेतली की माझी पाठ सीटला चिकटली. काटा नव्वदवर गेला. अक्काने रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि विचारलं, शंभर होतायत का? मी खरं सांगतो, मोठ्याने हसलो. तुझी सासू गेल्यापासून असा हसलो नव्हतो.

तळ्यापर्यंत जायचं होतं, पण अक्का जरा दमली, म्हणून अलीकडूनच परतलो. बाकी सगळं उत्तम. तुझ्या तिन्ही अटी पाळल्या.

बाबा


८ जून

ती. बाबा,

नमस्कार. पत्र वाचून इतकी हसले की दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, कोणाचं? म्हटलं, सासऱ्यांचं. त्यांचा विश्वास बसला नाही.

मग मी एक काम केलं, त्याबद्दल आधी माफी मागते. पत्र तुमच्या मुलाला दाखवलं नाही, पण सांगितलं सगळं. म्हटलं, उलट्या बाजूच्या रस्त्यावर, परक्या गावात, नव्वदच्या वेगाने बाबांनी गाडी चालवली आणि सुखरूप परत आणली, आता तरी मान्य कर. अक्काआत्या शेजारी होत्या का, एवढंच त्याने विचारलं. मग उठला आणि किल्ल्या आणून माझ्या हातात दिल्या. म्हणाला, बाबा आले की त्यांच्याशी बोलून तू ठरव, मला जमणार नाही.

मी जिंकले, बाबा. मी लगेच छकुलीचं पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून चार दिवस, साडेचारला. माझं दुकान, त्याच्या लिफ्ट, आम्हाला दोघांनाही ती वेळ जमत नाही, म्हणून इतके दिवस राहिलं होतं. तुम्ही नेणार-आणणार. तिने पोहण्याचा चष्मा, टोपी, सगळं पिशवीत भरून ठेवलंय आणि आजोबांची सीट म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर एक उशीही.

एक गंमत विचारायची राहिली. रविवारी अक्काआत्यांचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाल्या की परतीची गाडी त्यांनी चालवली, हात अजून शाबूत आहेत म्हणून. आणि तुम्ही तर लिहिलंत की त्या दमल्या होत्या. दमलेल्या बाईने गाडी चालवली आणि तुम्ही बसून राहिलात? मला वाटतं, अक्काआत्यांनी हट्टाने मागितली असणार आणि तुम्ही लाजेने लिहिलं नसेल. होय ना?

तुमची,
सूनबाई


१९ जून

सूनबाई,

तुझं पत्र चार दिवस खिशात आहे. रोज लिहायला बसतो आणि अक्काची भाजी निवडून देतो.

अक्का दमली नव्हती. तिने हट्टही केला नाही. तळ्याकडे उतरणारा एक रस्ता आहे. खाली सिग्नल लाल होता. मी ब्रेक दाबला असं मला वाटलं. गाडी थांबायच्या ऐवजी जोरात पुढे निघाली. मी खाली बघितलं. चौतीस वर्षांत चालवताना मी कधी स्वतःच्या पायाकडे बघितलं नव्हतं. माझं उजवं पाऊल ब्रेकवर नव्हतंच, शेजारी होतं, आणि ते तिथे आहे हे मला डोळ्यांनी बघेपर्यंत कळलं नाही. मांडीला हात घालून पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, तिच्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. तिला वाटलं, तिला जाऊ द्यायला थांबलो. तिने हात वर करून आभार मानले. मुली, त्या आभारांनी मला जेवढं लाजवलं तेवढं आयुष्यात कोणी शिव्या देऊनही लाजवलं नसेल.

अक्काने पट्टा सोडला. उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि म्हणाली, "ऊठ. मलाही चालवायचीच होती."

आता पुढचं लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. फाटकाच्या खांबाला गाडी लागली तेव्हाही हेच झालं होतं. ब्रेकला काही झालं नव्हतं. पायाला मुंग्या आधीपासून येत होत्या, चप्पल पायातून निघून गेली तरी दोन पावलं कळायचं नाही. मी कोणाला बोललो नाही. त्या दिवशी तोंडातून पटकन 'ब्रेक लागला नाही' निघालं, आणि तू लगेच माझी बाजू घेतलीस. मग ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही. पुढे ब्रेक बदलून आले तेव्हा तर मलाच वाटायला लागलं की बहुतेक ब्रेकच असेल.

स्पोर्ट्स कार हौस म्हणून घेतली हे खोटं नाही, पण अर्धं आहे. मनात हिशेब असा होता की नुसत्या अंगठ्याच्या दाबावर पळणारी गाडी सांभाळली तर पाय ठीक आहे असं मी स्वतःला सांगू शकेन. त्यासाठी सख्ख्या बहिणीला शेजारी बसवलं. आणि त्याआधी तुझ्या लेकीला मागच्या सीटवर बसवलं होतं. तू माझे डोळे तपासलेस, तुझी काही चूक नाही. मी तुला पाय दाखवला नाही.

छकुलीला घेऊन मी गाडी चालवणार नाही. एकटाही चालवणार नाही. तिची उशी काढून ठेव. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव. त्याने न विचारता किल्ल्या घेतल्या, बरं केलं.

बाबा


३० जून

ती. बाबा,

मला दोन दिवस तुमच्याशी बोलायचं नव्हतं, हे आधी सांगते. पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा छकुलीच्या शाळेत गेले. काही काम नव्हतं. वर्गाच्या दारातून तिला बघितलं आणि परत आले.

आठ वर्षं मी या घरात आहे. मला वाटायचं, तुम्ही माझ्याशी खोटं बोलणार नाही, बोललात तर डायबेटीसवाल्यांसारखं गोडाबद्दल बोलाल. मी तुमच्यासाठी माझ्या नवऱ्याशी पाच महिने भांडले, बाबा. तो दुष्ट आहे असं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला चहा दिला असता, पण आदळून.

आता राग लिहून झाला. तुम्ही न सांगता राहू शकला असता. परत येऊन गुडघा दुखतो म्हणाला असता, मी विश्वास ठेवला असता. ते केलं नाहीत.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्याला पत्र वाचून दाखवलं. तो बाटल्या भरायला उठला नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं." मी विचारलं, कधीपासून? तर खांबाला गाडी लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पुढचं मी सांगत नाही. त्याला म्हटलं, तूच लिही. तो तीन दिवस लिहितोय. याच पाकिटात आहे.

पायाचं काय करताय? इथे येईपर्यंत थांबू नका. अक्काआत्यांना मी फोन करून सांगितलंय, त्या तुम्हाला डॉक्टरकडे नेतील आणि तुम्ही मुकाट्याने जाल. छकुलीला मी खरं तेच सांगितलं, आजोबांचा पाय बरा नाही म्हणून ते चालवणार नाहीत. ती म्हणाली, मग आपण चालत जाऊ, पण मग आजोबांना माझी पिशवी धरावी लागेल.

तुमची,
सूनबाई


(त्याच पाकिटातून)

बाबा,

मला पत्र लिहिता येत नाही. लिफ्टच्या वहीत शेरा लिहितो तसं लिहितो.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली जाऊन ब्रेक बघितले. ठीक होते. पुन्हा बघितले. ठीक होते. चालवून बघितली, जिथे दाबला तिथे थांबली. म्हणजे बिघाड गाडीत नव्हता.

तुम्हाला विचारायला वर आलो. तुम्ही खिडकीशी तुमचा बिल्ला पुसत बसला होतात. विचारता आलं नाही. गॅरेजमध्ये चांगले ब्रेक काढून नवे बसवायला सांगितले. गॅरेजवाला म्हणाला, कशाला? म्हटलं, बसव. तुमचा शब्द खाली पडायला नको एवढंच होतं. किल्ल्या मागितल्या असत्या तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून न बोलता घेतल्या. तुम्हाला वाटलं मी रागावलोय. मी घाबरलो होतो. पायाचं तेव्हाच विचारलं असतं तर सहा महिने गेले नसते. हे माझं चुकलं.

आई आजारी होती तेव्हाही आपण दोघं असेच गप्प होतो.

विमानतळावर मी येतो न्यायला. टॅक्सी करू नका.


१४ जुलै

चिरंजीव,

तुला मी आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही. तू कधी गावाबाहेर राहिला नाहीस, आणि घरात असताना तुझी आई आपल्या दोघांचे निरोप पोचवायची. ती गेल्यावर ते काम सूनबाईवर पडलं. बिचारीने न कुरकुरता केलं.

चांगले ब्रेक काढून फेकलेस ते वाचून मी अक्काला म्हटलं, याला अक्कल नाही. अक्का म्हणाली, कोणावर गेलाय? मी तोंड धुऊन आलो.

डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी होती. पायाच्या बोटांवर कापूस फिरवला आणि डोळे मिटून सांगायला लावलं, कुठे लागतोय. उजव्या पायाला मी सगळी उत्तरं चुकवली. कमरेत शीर दबलीय म्हणते. इतकी वर्षं एकाच सीटवर बसलेल्यांना होतं. रोज व्यायाम, गोळ्या, आणि धीर. संवेदना बरीचशी परत येईल, पण गाडी चालवण्याचं ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. ते मी आधीच ठरवलंय. तू घाबरला होतास हे तू लिहिलंस म्हणून मीही लिहितो. मीही घाबरलो होतो. त्या दिवशी फाटकाशी छकुली मागून म्हणाली, आजोबा, पुन्हा करा. तिला मजा वाटली होती. तो आवाज अजून कानातून जात नाही.

आता काल काय झालं ते सांगतो. अक्काने मला न विचारता ती लाल गाडी पुन्हा घेतली, या वेळी स्वतःच्या नावावर. पेन्सिलवाल्या बाईने तिलाही दुसरा चालक विचारला, तर हिने खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची सही आणून दिली. मला म्हणाली, तळं राहिलंय ना, चल. मी म्हटलं, शेजारी बसून माझा जीव वरखाली होईल. ती म्हणाली, होऊ दे.

मी बसलो. पहिली पंधरा मिनिटं जमिनीवर पाय दाबत होतो, दर वळणाला. मग हळूहळू सोडलं. आणि मला रस्त्याच्या कडेचं दिसायला लागलं. एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता, अर्धीच अक्षरं झाली होती. एका गॅलरीत एक बाई केस वाळवत पुस्तक वाचत होती. चौतीस वर्षं मी लोकांना खिडकीशी बसवलं आणि मला ठाऊकच नव्हतं ते काय बघतात ते.

तळं बघितलं. काठावर बसून बरोबर आणलेला चहा प्यायलो. बदकं होती. परत निघालो तेव्हा दुपार कलली होती, ऊन गुडघ्यांवर येत होतं.

पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी होतो, पण गाडी चालूच होती आणि घर मागे पडलं होतं. विचारलं, कुठे चाललीस? ती म्हणाली, घर केव्हाच आलं होतं, तू इतका गाढ झोपला होतास की ही तिसरी फेरी मारतेय.

बाळा, चालत्या गाडीत मी आयुष्यात कधी झोपलो नव्हतो. लग्नाच्या वरातीतही ड्रायव्हरवर लक्ष ठेवून होतो.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी उतरतो. तू ये. मी तुझ्या शेजारी बसेन. वाटेत बोललो नाही तर रागावलोय असं समजू नकोस. डोळा लागला असेल.

बाबा